लाख चित्रं आणि तीन मुकी बटणं

गेम जॅम ठरवायला बसलेल्या मंडळींत प्रोग्रॅमर जास्त असले की पहिल्या बैठकीत नियम ठरत नाहीत, इंजिनाच्या नव्या आवृत्तीचं गुणगान होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये गोडो या खेळ बनवायच्या इंजिनाची ४.५ ही आवृत्ती आली आणि आमच्या पुण्यातल्या छोट्याशा ग्रुपचंही तेच झालं. कुणी स्टेन्सिल बफरवर फिदा, कुणी शेडर बेकरवर. गोडोच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत अॅब्स्ट्रॅक्ट क्लास आले म्हणून एकाचे पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. ठरलं ते एवढंच की दिवाळी आटोपली की एक शनिवार-रविवार धरायचा, कॉलेजच्या पोरांना बोलवायचं आणि नव्या आवृत्तीतल्या नव्या सोयींवर स्पर्धा घ्यायची.

गेम जॅम म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विषय ऐन वेळी जाहीर होतो, सहसा दोन-तीन दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात खेळ बनवून द्यायचा असतो. अर्धवट चालतो, वेडावाकडा चालतो, पण दुसऱ्याला खेळता आला पाहिजे. लुडम डेअर ही यातली जुनी जाणती स्पर्धा, २००२ पासूनची. तिच्या कडक प्रकारात एकट्यानं, सगळं शून्यापासून, ४८ तासांत करायचं. टीम असेल तर ७२ तास. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून, जानेवारीत जगभर एकाच सुमाराला. गोडोवाल्यांचा स्वतःचा गोडो वाइल्ड जॅम दर महिन्याला होतो, नऊ दिवसांचा.

गोडोच का, हा प्रश्न आमच्यात कुणी विचारला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटीनं इन्स्टॉलमागे शुल्क आकारायची घोषणा केली, तेव्हा इथली कितीतरी पोरं एका रात्रीत गोडोकडे वळली. वर्षभरानं ते शुल्क मागे घेतलं गेलं, पण वळलेली सगळीच काही परत फिरली नाहीत. शिवाय गोडो फुकट आहे, एमआयटी या खुल्या परवान्याचं आहे आणि झिप उघडली की चालतं. हॉस्टेलच्या वाय-फायवर आणि दादाकडून आलेल्या जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

तर प्रश्न इंजिनाचा नव्हता, सोयींचा होता. दुसऱ्या बैठकीत फळ्यावर यादी लिहिली आणि एकेका सोयीपुढे मी एकच गोष्ट विचारायला लागलो: हे वापरलं तर खेळणाऱ्याला काय मिळेल?

शेडर बेकर चांगलाच आहे. शेडर (रंग-उजेड ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच, एक्स्पोर्ट करताना, म्हणजे खेळाची फाइल काढतानाच तयार करून ठेवतो, त्यामुळे खेळ उघडताना लागणारा वेळ वाचतो. पण दोन दिवसांत बनलेल्या खेळात शेडर असतात किती? त्यावर स्पर्धा घेणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या नव्या एक्झॉस्ट फॅनवर पाककला स्पर्धा घेणं. अॅब्स्ट्रॅक्ट क्लासचं तेच. कोड वाचणाऱ्याला आनंद, खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. स्टेन्सिल बफरवर मात्र मी बराच वेळ अडलो, कारण त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. भिंतीआडच्या माणसाची कडा चमकताना दाखवता येते, आरशातून दुसरीच खोली दाखवता येते. ४.५ मध्ये बाह्यरेषा आणि एक्स-रे हे दोन परिणाम मटेरियलमध्ये तयारच दिलेत, निवडले की झालं. आणि गोची इथेच आहे. इतकं तयार मिळालं की रविवारी संध्याकाळी काय हाती लागेल ते मला आत्ताच दिसत होतं: वीस खेळ, वीसही खेळांत एक भिंत, भिंतीमागे लाल कडेचा एक शत्रू. त्याला खेळ म्हणत नाहीत, प्रात्यक्षिक परीक्षा म्हणतात. जर्नलवर सही घ्यायची आणि घरी जायचं.

इंजिनाच्या नव्या ताकदीवर जॅम घ्यायची कल्पना मुळातच चुकीची आहे असं कुणी म्हणेल, तर तसं अजिबात नाही. उलट सुरुवातच तिथून झाली. मार्च २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ख्रिस हेकर आणि शॉन बॅरेट यांनी ओळखीतले प्रोग्रॅमर चार दिवस एकत्र बसवले. त्याला नाव दिलं इंडी गेम जॅम. पुढे 'गेम जॅम' हा शब्द रुळला तो बहुतेक यातूनच. या मंडळींसाठी एक इंजिन आधीच तयार करून ठेवलं होतं. त्याचं एकच वैशिष्ट्य: पडद्यावर एकाच वेळी एक लाख स्प्राइट, म्हणजे छोटी चित्रं, हलवायची ताकद. त्या काळच्या मशीनवर हे अफाट होतं. पुढच्या वर्षी त्यांनी माणसाच्या सावलीवर खेळ बनवले, त्याच्या पुढच्या वर्षी भौतिकीवर. दर वेळी तंत्र नवं, आणि ते तयार करून हातात दिलेलं.

मला यातली 'एक लाख' ही गोष्ट फार आवडते. कारण तो आकडा नुसती सोय नाही, तो प्रश्न आहे. पडद्यावर लाख माणसं आहेत. आता करा काय करायचं ते. त्यांच्यावर राज्य करायचं, त्यांच्यात एकाला शोधायचं, की त्यांच्यात हरवायचं? सोय एकच असली तरी उत्तरं वेगवेगळी निघणार. आमच्या यादीतली कुठली सोय असा प्रश्न विचारते, हे शोधायचं होतं.

यादीत खाली, कुणाच्याच फारसं लक्षात न आलेली एक ओळ होती: स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आधार. अॅक्सेसकिट नावाच्या लायब्ररीच्या मदतीनं गोडो ४.५ मधली बटणं, लेबलं, स्लायडर आता दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला कळतात. अजून प्रायोगिक आहे, असं गोडोवालेच सांगतात. मी म्हटलं, हीच घेऊ. खेळ असा हवा की पडदा बंद ठेवून सुरू करता यावा, खेळता यावा आणि जिंकता किंवा हरता यावा.

शांतता पसरली. मग अॅब्स्ट्रॅक्ट क्लासवाला म्हणाला, "म्हणजे ग्राफिक्स नकोच?" ग्राफिक्स करा की! पण परीक्षक पहिली पाच मिनिटं मॉनिटर बंद ठेवून खेळणार.

लगेच एक तांत्रिक भांडण उभं राहिलं आणि ते खरं होतं. अशा स्पर्धांत खेळ ब्राउझरमध्ये चालला पाहिजे असा अलिखित नियम आहे, कारण अनोळखी माणसाची एक्झी फाइल उतरवून चालवायला कुणी तयार नसतं. विंडोज आधी निळ्या खिडकीत इशारा दाखवून घाबरवतं. ४.० मध्ये ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट करणं म्हणजे डोकेदुखी होती, थ्रेडसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवायला, सर्व्हरला खास हेडर लावावे लागत. ऑगस्ट २०२४ च्या ४.३ पासून थ्रेडशिवाय एक्स्पोर्ट करता येतो, तेव्हापासून पोरं सर्रास वेबवरच देतात. आणि स्क्रीन रीडरचा हा नवा आधार आहे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर. ब्राउझरमध्ये नाही. म्हणजे एक नवी सोय मिळवायची तर दुसरी सोडायची.

शेवटी असं ठरलं: विंडोजची झिप सक्तीची, वेबची आवृत्ती ऐच्छिक. वेबवर ज्यांना बोलकं करायचंय त्यांनी इंजिनातलं टेक्स्ट-टू-स्पीच (मजकूर बोलून दाखवणारं) वापरावं, ते ४.० पासून आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं. खेळायला येणारे कमी होतील, होऊ देत.

नियम कागदावर लिहिण्याआधी एकदा करून बघावं म्हणून ग्रुपमधल्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं एका संध्याकाळी एक खेळ जुळवला. जुन्या वाड्यातली रात्र, वीज गेलेली. माडीवरून उतरायचं आणि मागच्या दारापर्यंत पोहोचायचं. डावीकडे नळ ठिबकतोय, पुढे घड्याळाची टिकटिक, वर कबुतरांची फडफड. गोडोमध्ये आवाजाला जागा देता येते. तुम्ही सरकाल तसा तो कानात डावी-उजवीकडे सरकतो, लांब-जवळ होतो. खेळाच्या आतल्या भागाला स्क्रीन रीडरचा काही उपयोग नाही हे आम्हाला तोवर कळलं होतं. तो वाचणार फक्त बटणं आणि मजकूर. वाड्यातला जिना त्याला दिसत नाही. जिना ऐकवायचं काम खेळ बनवणाऱ्याचं.

आमच्या ओळखीतले एक काका जन्मापासून दृष्टिहीन आहेत, बँकेत नोकरी करतात आणि दिवसभर एनव्हीडीए वापरतात. हा स्क्रीन रीडर फुकट आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ मध्ये तो सुरू केला, मग जेम्स टेह त्याला येऊन मिळाला, आणि दोघेही स्वतः दृष्टिहीन. काकांनी हेडफोन लावले, लॅपटॉप पुढ्यात ओढला. त्यांचा एनव्हीडीए इतक्या वेगानं बोलतो की आम्हाला नुसती किरकिर ऐकू आली. खेळ उघडला. काकांनी टॅब दाबलं. "बटन." पुन्हा टॅब. "बटन." पुन्हा. "बटन."

"अहो, तीन बटणं आहेत एवढं कळलं," काका म्हणाले. "आता कुठलं दाबू?" आणि त्यांनी तिसरं दाबलं. ते 'बाहेर पडा' होतं. खेळ बंद. "झालं. वाड्यात पाऊल टाकायच्या आधीच हाकललंत की मला!"

ती मुलगी एवढीशी झाली. पण बटणं मुकी का होती याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. तिन्ही बटणं चित्रांची होती. 'सुरू करा', 'आवाज', 'बाहेर पडा' ही अक्षरं तिनं चित्रात रंगवून बटणावर चिकटवली होती. का? तर तिच्या कॉलेजच्या सीनियरनं तसंच शिकवलं होतं. आणि त्या सीनियरचंही काही चुकलं नव्हतं. गोडो ३ मध्ये देवनागरी धड दिसायचीच नाही: जोडाक्षरं फुटायची, 'कि'ची वेलांटी 'क'च्या नंतर जाऊन बसायची. मराठी हवं असेल तर चित्र करून चिकटवणं हाच मार्ग होता. मार्च २०२३ च्या ४.० मध्ये मजकुराची सगळी यंत्रणा नव्यानं लिहिली गेली, अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाची लायब्ररी आली आणि देवनागरी नीट उमटायला लागली. पण पोरांचे हात जुन्याच वळणावर. चित्रात अडकलेलं मराठी डोळसाला वाचता येतं, स्क्रीन रीडरला नाही. चित्राच्या बटणालाही नाव देता येतं, त्यासाठी ४.५ मध्ये जागा आहे. ती भरायची असते हेच आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यामुळे दुसरा नियम आपोआप ठरला: खेळात मराठी असलंच पाहिजे, आणि ते मजकूर म्हणूनच असलं पाहिजे. ४.५ मध्ये एडिटरमध्येच भाषा बदलून भाषांतर कसं दिसतं ते बघता येतं, तीही नवी सोय वापरली जाईल.

या नियमातले खड्डे आम्ही आधीच उकरून ठेवलेत, कारण रविवारी दुपारी चार वाजता ते कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तरीही आपल्या लॅपटॉपवर मराठी व्यवस्थित दिसतं, कारण इंजिन गुपचूप विंडोजचा फॉन्ट उसना घेतं. ब्राउझरमध्ये ही उसनवारी चालत नाही. खेळ वेबवर चढवला की सगळ्या मराठीचे चौकोन, आणि पोरगं म्हणतं, माझ्याकडे तर दिसत होतं! म्हणून फॉन्ट प्रोजेक्टमध्येच घालायचा. आम्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' घेतलाय, खुल्या परवान्याचा आहे आणि लहान आकारातही वाचता येतो.

दुसरा खड्डा जास्त मजेदार आहे. संवाद एकेक अक्षर टाइप होत उमटतो ना, तो परिणाम सगळ्यांना हवाच असतो. 'किल्ला' हा शब्द तसा उमटवून बघा. आधी 'क', मग वेलांटी उडी मारून त्याच्या डावीकडे आणि 'क' बाजूला सरकतो. मग 'किल', मग पाय मोडलेला 'किल्', मग दोन 'ल' एकमेकांत शिरतात, मग काना. संगणकाच्या लेखी ही सहा अक्षरं, आपल्या लेखी दोन. सगळी ओळ सतत थरथरत असते. मूळ सेटिंगमध्ये अक्षरं जुळवायच्या आधीच मजकूर कापला जातो म्हणून हे होतं. लेबलमध्ये 'व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेविअर' नावाचा पर्याय आहे, तो बदलून जुळणीनंतरचा केला की आधी पूर्ण ओळ जुळते आणि मग एकेक भाग दिसतो. थरथर थांबते. इतकी वर्षं हा पर्याय तिथे आहे आणि मराठी खेळ बनवणाऱ्या निम्म्या लोकांना तो माहीत नसेल, असं माझं आपलं मत.

काकांकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बटणं बोलत होती. या वेळी ते वाड्यात शिरले आणि गुणांनी घोळ घातला. खेळात किल्ल्या गोळा करायच्या होत्या, आणि मिळालेल्या किल्ल्यांचा आकडा आपोआप बोलला जावा म्हणून लेबलवर 'असर्टिव्ह' लावलं होतं. म्हणजे आकडा बदलला की चालू असलेलं सगळं बोलणं तोडून तो सांगायचा. वाड्यातली आजी महत्त्वाची खूण सांगतेय, "मागच्या दाराची कडी...", आणि मध्येच "तीन". पुन्हा आजी, पुन्हा "चार". काका म्हणाले, "सासूबाईंच्या मध्ये बोलणारी सून आहे ही." ते 'पोलाइट' केलं, आता आकडा वाक्य संपायची वाट बघतो. ही सेटिंग कुठल्या ट्युटोरियलमध्ये वाचून कळली असती असं वाटत नाही.

बाकीचे नियम पटापट ठरले. आवृत्ती एकच आणि स्थिर. बीटा कुणी वापरायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. ओकलंडवाल्यांनी इंजिन तयार करून दिलं होतं, तसा आम्ही सुरुवातीचा प्रोजेक्ट तयार करून देणार: फॉन्ट घातलेला, बटणांना नावं दिलेली, एक्स्पोर्टची मांडणी केलेली. एक्स्पोर्ट टेम्प्लेटची फाइल गिगाबाइटच्या घरात जाते. ती सगळ्यांनी एकदम कॉलेजच्या वाय-फायवरून उतरवायला घेतली तर दसऱ्याला सुरू केलेलं डाउनलोड दिवाळीला संपेल, म्हणून पेन ड्राइव्ह. रात्री मुक्काम नाही, आठ वाजता घरी. जागरण करून खेळ चांगला होतो यावर माझा विश्वास नाही. पहाटे तीनला लिहिलेला कोड सकाळी सातला उपटावा लागतो. यावर तरुण मंडळी नाराज आहेत, त्यांना जागरणाचे फोटो हवेत.

गुणांवरून अजून वाद चालू आहे. लुडम डेअरमध्ये भाग घेणारेच एकमेकांना गुण देतात आणि नावीन्य, मजा, विषय, चित्रं, आवाज, विनोद, वातावरण असे कप्पे असतात. आमच्यातल्या एकाला 'नव्या सोयीचा वापर' असा वेगळा कप्पा हवाय, आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. पडदा बंद ठेवून खेळ जिंकता आला की सोय वापरली गेलीच. त्याला पुन्हा गुण दिले की पोरं गुणांसाठी सोयी कोंबणार, आणि आपण परत त्या लाल कडेच्या शत्रूपाशी. गोडो वाइल्ड जॅममध्ये विषयाबरोबर वाइल्डकार्ड देतात, घेतलं तर घेतलं, नाही तर नाही. स्टेन्सिल बफर हवा असणाऱ्यांसाठी मी तेवढी सूट द्यायला तयार आहे.

काकांना आम्ही परीक्षक व्हायला सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षक कशाला? मला भाग घ्यायचाय. बँकेत एक्सेलचे मॅक्रो मीच लिहितो, हे काय त्याहून अवघड आहे का?"

आता आली का पंचाईत! गोडोच्या एडिटरमध्ये स्क्रीन रीडर सगळीकडे पोहोचलेला नाही. प्रोजेक्टची यादी, इन्स्पेक्टर वगैरे वाचला जातो, पण माउसनं वस्तू उचलून पडद्यावर मांडायचा भाग त्यांच्या कामाचा नाही. दोन दिवस खटपट केल्यावर एक वाट सापडली. गोडोच्या सीन फायली साध्या मजकुरात असतात, नोटपॅडमध्ये उघडून बदलता येतात. खेळ कमांड लाइनवरून चालवता येतो. जीडीस्क्रिप्टमध्ये ओळी किती आत सरकवल्यात याला अर्थ असतो, आणि एनव्हीडीए ते सरकणं सूर वाजवून सांगतो. जितकं आत तितका सूर चढा. काकांनी तो सूर लावून आमचाच एक कोड ऐकला आणि एका जागी टॅबऐवजी स्पेस पडल्यात हे आमच्या आधी सांगितलं.

तेव्हा सुरुवातीच्या प्रोजेक्टबरोबर जी माहितीची फाइल देणार होतो, ती पुन्हा लिहायला घेतलीय. पहिल्या खर्ड्यात स्क्रीनशॉटच स्क्रीनशॉट होते. आता प्रत्येक सीनमध्ये कुठला नोड (सीनमधला घटक) कुणाच्या पोटात आहे ते शब्दांत लिहायचं, आणि कमांड लाइनच्या सूचना पहिल्या पानावर. हे काम अॅब्स्ट्रॅक्ट क्लासवाल्याकडे दिलंय. काकांच्या टीममध्ये तोच आहे, त्यामुळे तो स्पर्धक झाला आणि आमचा एक आयोजक कमी झाला.